पांढऱ्या टबातले पट्टे

ऑक्टोपस हातात कसा धरायचा, असं लोक मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: धरायचा नाही. त्याला आठ हात, तुम्हाला दोन. कोण कुणाला धरणार, हे कुस्ती सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. जाळ्यात अडकला असेल तर पाण्याखाली भांडं धरायचं आणि त्याला स्वतःहून आत चालत जाऊ द्यायचं. मनगटाला चिकटला तर ओढायचं नाही. ओढलं की तो आणखी घट्ट बसतो, आणि फारच ओढलं तर आपला एक हात तोडून तुमच्या हातात देतो. शांतपणे हात पाण्यात बुडवायचा. तुम्ही दगड नाही आणि खायच्याही कामाचे नाही, हे कळलं की तो निघून जातो. आणि तो कोण आहे हे ओळखल्याशिवाय उघडा हात त्याच्याजवळ न्यायचा नाही. ह्या नियमाला मी कधी अपवाद केला नव्हता.

माझी खोली मत्स्यालयाच्या मागच्या अंगाला, पंपांना लागून आहे. समोर काचेमागे जे झगमगतं त्याची सगळी धुणीभांडी इकडे चालतात. फरशी कायम ओली, कपाटाची दारं फुगून बसलेली, आणि माझ्या हातांना साबणाचा वास नाही, कारण ऑक्टोपस कातडीनेच चव घेतो आणि साबण त्याला सोसत नाही. बंदरात कुणाच्या जाळ्यात, बादलीत, फुटक्या मडक्यात आठ हातांचं काही अनोळखी सापडलं की ते माझ्याकडे येतं. हा कोण, विषारी की बिनविषारी, कुठून आला आणि त्याला परत कुठे सोडायचं, हे मी सांगते. ह्या कामात माझा हात धरणारं इथे कुणी नाही. हे मी स्वतः बोललेलं लोकांना आवडत नाही, म्हणून दुसऱ्या कुणी बोलेपर्यंत मी थांबते. फार वेळ मात्र थांबत नाही.

ओळख पटवायची माझी पद्धत साधी आहे. ऑक्टोपस ज्यावर बसेल तसा दिसतो. वाळूवर वाळूसारखा, शेवाळात शेवाळासारखा. म्हणून मी त्याला स्वच्छ पांढऱ्या टबात ठेवते. तिथे नक्कल करण्यासारखं काहीच नसतं. थोडा वेळ बिचकतो, मग उसना रंग उतरतो आणि अंगचा रंग, अंगच्या खुणा वर येतात. मग तो कोण हे लपत नाही.

त्या सकाळी खेकड्यांचे सापळे लावणारा एक म्हातारा बादली घेऊन आला. बादलीवर फळी, फळीवर दगड, आणि सगळं अंगापासून हातभर लांब धरलेलं.

"बाई, हा तुमच्याकडेच ठेवा," तो म्हणाला. "सापळ्यात खेकडे होते. ह्याने एकालाही हात लावला नाही. नुसता बसून होता."

"पोट भरलं असेल."

"खेकड्यांच्या मधोमध बसून?" तो म्हणाला, आणि बादली परत न्यायलाही थांबला नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीपाशी स्टुलावर माझी धाकटी बहीण पाठमोरी बसली होती. तिचा नवरा बंदराबाहेर तरंगणारे खुणेचे बोये साफ करतो, रंगवतो. तोंड एक मिनिट बंद नसतं म्हणून सगळं बंदर त्याला रेडिओ म्हणतं. आदल्या दिवशी तो सकाळीच होडी घेऊन गेला, दुपारी वाऱ्याने अचानक दिशा बदलली, आणि रेडिओ परत आला नाही. शोधबोटी प्रवाहाच्या दिशेने दक्षिणेला फिरत होत्या. त्यांना एक वल्हं मिळालं होतं. आज दिवस मावळेपर्यंत बघू, असं त्यांची कप्तान म्हणाली होती, आणि त्यानंतरचं काही ती बोलली नव्हती. घरी शेजारणी चेहरे पाडून येऊन बसतात म्हणून धाकटी माझ्याकडे आली होती. माझ्या खोलीत निदान पंपांचा आवाज असतो, आणि मी चेहरा पाडत नाही. मला ते जमतही नाही.

काम समोर आलं की मला बरं वाटतं. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे चढवले, पारदर्शक डबा बादलीत बुडवला आणि वाट पाहिली. तो चालत आत आला. डबा पांढऱ्या टबात आडवा केला, तसा बाहेरही चालत आला. एवढा समजूतदार ऑक्टोपस मी पाहिला नव्हता. मध्यम आकाराचा, मातकट. मग उसना रंग उतरायला लागला, आणि त्याच्या अंगावर पट्टे आले.

वर तांबडा, खाली पांढरा, आणि दोहोंच्या मधून एक बारीक पिवळी रेघ. एका जागी ती रेघ बोटभर तुटलेली.

मला तिथेच थांबायला हवं होतं. अंगच्या खुणा अंगाबरोबर वळतात, हात वळला की हातावरचा पट्टा वळतो. हे पट्टे अंगाला जुमानत नव्हते. ते एका हातावरून दुसऱ्या हातावर सरळ रेषेत जात होते, आणि त्याने हात हलवला तरी पट्टा जागच्या जागीच राहायचा, हात त्याच्यातून सरकून जायचा. पडद्यामागे काहीतरी रंगवलेलं असावं आणि पडदा हलावा, तसं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं, कारण माझं डोकं पुढे धावत होतं. भडक पट्टे म्हणजे विष, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आणि असे पट्टे कुठल्याही पुस्तकात नव्हते. मी तुटलेल्या रेघेला जातीची खूण ठरवलं आणि संचालकांना बोलावलं.

संचालक आले, टबापासून चार पावलं दूर उभे राहिले. त्यांचे बूट कधी ओले होत नाहीत.

"नवी जात?" त्यांनी विचारलं.

"नवी आणि विषारी."

"वा. म्हणजे दोन बातम्या." आणि ते वार्ताहरांना फोन करायला पळाले.

धाकटी पाणी प्यायला उठली. पेला भरता भरता तिने टबात पाहिलं आणि पेला तसाच हातात राहिला.

"ही आमची होडी आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, जागरणाने हिचं डोकं फिरलंय. "काय?"

"होडीचा रंग, ताई. मी लावलाय तो. ही पिवळी रेघ बघ, इथे तुटलीये. रंगवताना चिकटपट्टी निघाली होती. मी म्हटलं राहू दे, पाण्यात कोण बघतंय."

मी टबाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. माझी अख्खी नवी जात तिच्या एका वाक्यात पाण्यात गेली. पण मी अशी लगेच ऐकणारी नाही. आधी टबाखाली काळं ताट सरकवलं. टबाचा तळ अर्धपारदर्शक आहे, कुठलाही ऑक्टोपस त्यावर काळवंडला असता. हा नाही काळवंडला. मग पाण्यातच चौकटींची फरशी ठेवली. तो तिच्यावर जाऊन बसला आणि पट्टे तसेच राहिले. ऑक्टोपसला रंग दिसत नाहीत, हे मी शाळेच्या सहलींना दर आठवड्याला घसा फोडून सांगते. ह्याने पिवळी रेघ पिवळीच काढली होती.

"कुठेतरी होडीजवळ राहिला असेल," मी म्हणाले. "बुडालेल्या होड्यांत हे घर करतात." बोलून गेले आणि जीभ चावली.

धाकटी टबावर वाकली होती. आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत पट्टे सरकायला लागले.

ते फिके झाले नाहीत. एका कडेने बाहेर गेले, आणि दुसऱ्या कडेने खडक आत आला. थोडा सरकायचा, थांबायचा. पुन्हा थोडा सरकायचा. दमलेला माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर अंग ओढत जातो ना, तसा. शेवटी पट्टे गेले आणि आठही हातांवर, डोक्यावर, सगळीकडे काळा खडबडीत खडक पसरला. त्यावर पिवळसर दगडफुलाचे ठिपके. आणि एक पांढरी गारेची, गारगोटीची शीर, तिरकी.

धाकटीने माझी ओली बाही गच्च धरली. "ताई, हे काय आहे?"

मी ओळख पटवायला घेतली, कारण मला तेवढंच येतं. दगडफूल समुद्राच्या पाण्याखाली उगवत नाही. म्हणजे हा खडक भरतीच्या रेषेच्या वर आहे, आणि ह्या खडकावर कुठलाही ऑक्टोपस कधी गेलेला नाही, जाऊच शकत नाही. हे दगडफूल उन्हातही टिकत नाही, म्हणजे तिथे ऊन येत नाही. आणि काळ्या खडकात गारेच्या तिरक्या शिरा ह्या किनाऱ्यावर एकाच जागी आहेत. समोरच्या बेटाच्या उत्तरेच्या कड्याला. पकडलेले ऑक्टोपस सोडायला मी तिकडेच जाते.

उत्तरेला. सगळे दक्षिणेला शोधत होते.

"तो जिवंत आहे का?" तिने विचारलं.

"ते मला माहीत नाही. पण कुठे बघायचं ते माहीत आहे."

मी टबाला झाकण लावलं, दोरी बांधली आणि आम्ही दोघींनी मिळून तो उचलला. दारात संचालक भेटले. "हा कुठे चालला? वार्ताहर निघालेत."

"नवी जात रद्द. त्यांना कासव दाखवा."

शोधबोटीची कप्तान धक्क्यावर डिझेल भरून घेत होती. पन्नाशीची, बुटकी, आवाज भोंग्यासारखा. मी तिला उत्तरेच्या कड्याला चला म्हटलं.

"प्रवाह दक्षिणेला आहे, बाई."

"आहे. आणि दक्षिणेला तुम्हाला काय मिळालं? वल्हं."

तिने टबाकडे पाहिलं. "ह्यात काय आहे?"

काय सांगणार? मी झाकण उघडलं. तिने आत डोकावून पाहिलं. ती जन्मभर ह्या पाण्यात फिरलेली बाई. पांढऱ्या टबात काळा खडक, दगडफूल, गारेची शीर. तिने बराच वेळ पाहिलं आणि झाकण स्वतःच्या हाताने लावलं.

"तुम्ही चुकलात तर माझी आजची फेरी वाया," ती म्हणाली. "आणि आजची शेवटची आहे."

"सकाळी एकदा चुकून झालंय. एका दिवसात दोनदा चुकायचं माझ्या स्वभावात नाही."

धाकटी मध्ये पडली. तिचा आवाज अगदी शांत होता. "कप्तानबाई, तुम्ही नाही नेलंत तर मी पोहत जाईन. मग तुम्हाला दोघांना शोधावं लागेल."

कप्तानने डिझेलची नळी काढायला सांगितली.

बेटाला वळसा घालेपर्यंत ऊन पाठीमागे राहिलं. उत्तरेची बाजू दुपारीही सावलीत असते, आणि तिथे थंडी एकदम अंगाला लागते. कडा सरळ पाण्यातून वर गेलेला, आणि त्याला कपारी. एक ना दोन, नुसत्या कपारीच कपारी, काही हातभर रुंद, काही दारापेक्षा मोठ्या, सगळ्या आतून काळ्याकुट्ट. प्रत्येकीला पांढरी शीर. लाटा आत जाऊन आपटत होत्या आणि तो आवाज एवढा होता की भोंगा वाजवला तरी उत्तर ऐकू आलं नसतं.

मी झाकण उघडलं. खडक होता. पण खालच्या तीन हातांवर तो जास्त काळा झाला होता, चकाकत होता.

"हे काय?" धाकटीने विचारलं.

"ओलं झालंय."

मी पुढचं बोलले नाही, तिला कळलं. भरती लागली होती. तो जिथे कुठे होता तिथे पाणी चढत होतं, आणि ते मला टबात दिसत होतं. चौथा हात काळा होत होता.

कप्तानने बोटीवरचा मोठा दिवा लावला. "खडकांमुळे मला सगळ्या कपारींच्या तोंडाशी जाता येणार नाही," ती म्हणाली. "एकीत जाईन. जास्तीत जास्त दोनांत. कुठली ते सांगा."

दिव्याचा झोत एकेका कपारीवरून जायला लागला. मी दुर्बीण लावली. दगड, शेवाळ, फेस. पुन्हा दगड. धाकटी कठड्याला धरून नुसती बघत होती. तिने हाका मारणं थांबवलं होतं.

मी खाली टबात पाहिलं आणि त्याच क्षणी ऑक्टोपसच्या अंगावरून काहीतरी फिकट, गोल, सरकत गेलं.

"थांबा," मी म्हणाले. "झोत मागे घ्या."

झोत मागे आला. तो गोल पुन्हा सरकला, उलट दिशेने. दिवा कड्याकडे होता. टब माझ्या पायांशी, सावलीत.

पण बोट हलत होती, टबातलं पाणी हिंदकळत होतं, आणि त्या गढुळलेल्या पाण्यातून मला नीट दिसेना. गोल कुठे चालू होतो, कुठे संपतो, काही कळेना. त्याला पाण्याबाहेर काढायला हवं होतं. जाड हातमोज्यावर तो चढत नव्हता. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मागे सरला.

मी हातमोजा काढला.

"बाई," कप्तान म्हणाली, "तो विषारी आहे की नाही?"

"माहीत नाही. ओळख पटलेली नाही."

"आणि चावला तर?"

"तर आधी काही दुखणार नाही. मग माझा श्वास थांबेल. तुम्ही तुमच्या तोंडाने मला श्वास द्यायचा, दवाखाना येईपर्यंत."

"मी दुपारी कच्चा कांदा खाल्लाय."

"तर मग मी लवकर बरी होईन," मी म्हणाले आणि उघडा हात पाण्यात घातला.

भीती वाटली. खोटं कशाला बोलू? तो आला. एक हात मनगटाभोवती, मग दुसरा. लहान लहान वाट्या कातडीला लागत गेल्या, थंड, सावकाश, जणू तोच मला तपासत होता. मग सगळं वजन माझ्या कोपरापर्यंत चढलं. मी हात वर उचलला. नियमाप्रमाणे आता हात पाण्यात बुडवायचा होता. मी तो छातीशी धरला.

"झोत डावीकडून सोडा. सावकाश."

पहिली कपार. खडक तसाच काळा.

दुसरी. काही नाही.

तिसरी, चौथी. पाचवा हात ओला झाला होता.

"सावकाश, कप्तानबाई."

उजेडाची एक कड माझ्या मनगटापाशी उगवली. ऑक्टोपसच्या एका हातावर, टोकाला.

"पुढे. अजून. अजून थोडं वर."

उजेड त्याच्या हातावरून चढला, डोक्यावर आला. दगडफुलाचे ठिपके एकेक दिसायला लागले.

"वर. थोडं मागे."

आता त्याचं अख्खं अंग लखलखत होतं, सावलीत, माझ्या छातीपाशी. त्याने डोळे बारीक केले.

"थांबा," मी म्हणाले. "इथेच."

सगळ्यांनी पाहिलं. कपार रिकामी होती. पुढे एक खडक आडवा आलेला, त्यामागे अंधार. कप्तानने माझ्याकडे पाहिलं, मी नजर चुकवली नाही.

धाकटी कठड्यावर ओणवी झाली आणि तिला जे ओरडायचं ते ओरडली. घरी तो चिखलाचे पाय घेऊन आत आला की ती ज्या आवाजात ओरडते, त्याच आवाजात.

लाट आत गेली. आपटली. बाहेर आली.

मग दोन लाटांच्या मधे आतून घोगरा, चिडका आवाज आला. "अगं, तो दिवा आधी डोळ्यांवरून काढायला सांग."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कप्तान काय ओरडली, कुणी दोरी फेकली, तिचा खलाशी कमरेला दोर बांधून उडी मारून कसा गेला. आडव्या खडकामागून आधी एक हात दिसला, मग डोकं, मग अख्खा रेडिओ, निळा पडलेला, दाढी वाढलेली, दात वाजत असलेले. बोटीवर घेतल्यावर धाकटीने आधी त्याला पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली की दोघेही खाली बसले. तो बोलतच होता. होडी उलटली, रात्रभर तिच्या पाठीवर आडवा पडून होतो, सकाळी ती कड्याला लागली, तेव्हा सरपटत सरपटत वर चढलो. पाणी कमरेपर्यंत आलं होतं, अजून थोडा उशीर झाला असता तर. चहा आहे का? साखर किती घालता?

"ह्याला कुणीतरी बंद करा," कप्तान म्हणाली, आणि डोळे पुसले. मग तिने भोंग्याची दोरी ओढली आणि बंदर येईपर्यंत सोडली नाही.

मी एका कडेला बसून टबात हात बुडवला होता. ऑक्टोपस एकेक वाटी सोडवत उतरला. चावला नव्हता. माझ्या हातावर कोपरापर्यंत गोल गोल लाल ठसे होते, आणि मी ते एखाद्या पदकासारखे बघत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, मी जिंकले म्हणून. कुणाशी जिंकले ते सांगता आलं नसतं. धक्क्यावर सगळं बंदर गोळा झालं होतं. म्हातारा सापळेवाला टोपी हलवत होता. संचालक वार्ताहरांना घेऊन अगदी पाण्याच्या कडेला आले, एक लाट आली आणि त्यांचे बूट भिजले. ते हसले. त्या संध्याकाळी सगळेच हसत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी रेडिओला तपासलं, सलाइन लावलं, आणि रात्री घरी जायला परवानगीसुद्धा दिली. असा बोलणारा पेशंट वॉर्डात नको, असं नर्स म्हणाली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले ती शीळ घालत गेले. शीळ मला येत नाही, तरी घातली. ऑक्टोपसला सोडायच्या आधी त्याची ओळख नीट पटवायची होती. स्वच्छ पाणी, स्वच्छ पांढरा टब. आता उसनं घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, अंगचा रंग दिसणारच.

मी झाकण उघडलं. त्याच्या अंगावर निळ्या आणि पांढऱ्या चौकटी होत्या.

फोन लावला. धाकटीने पहिल्याच रिंगला उचलला. मागून रेडिओचा आवाज येत होता, कुणाला तरी सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत होता.

"कसा आहे?"

"खातोय. बोलतोय. अंथरुणातच आहे, उठू देत नाही मी."

"पांघरूण कुठलं घातलंयस?"

"पांघरूण? ती निळी चौकटीची गोधडी. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि मला एकदम इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तो घरी होता. उबेत होता. मला ते इथे, टबात दिसत होतं. आता कुणी काहीही म्हणो.

आणि मग सवयीने मी हात मोजायला घेतले. ओळख पटवताना आधी हात मोजायचे असतात. सात हातांवर गोधडी होती, चौकट न चौकट. आठवा त्याने अंगाखाली दुमडून घेतला होता. मी काचेच्या दांडीने त्याला हलकेच डिवचलं, तसा त्याने तो बाहेर काढून पसरला.

तो काळा होता. ओला, चकाकणारा, त्यावर पांढरी तिरकी शीर.

"ताई? आहेस ना?"

"आहे."

"डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. फक्त डावा पाय अजून गरम होत नाहीये." ती हसली. ती काल दुपारपासून नुसती हसतच होती. "आणि त्या पायाचा मोजा सारखा बदलावा लागतो बघ. कोरडा घातला की भिजतो. मी आत्ता पिळला तो, हाताला वाळू लागली."